खिडकीवरचा कागद : बिदर-भालकीकडच्या मराठी घरांसाठी थोडं

सीमाप्रश्न म्हटलं की सगळ्यांना बेळगाव आठवतं. मोर्चा बेळगावात, काळा दिवस बेळगावात, टीव्हीवाल्यांची गाडीपण बेळगावातच. आमचा बिदर जिल्हा आणि गुलबर्ग्याकडचं (आता कलबुर्गी म्हणायचं) आळंद भाषणात एकदम शेवटी येतं. घोषणेतल्या 'भालकीसह' मधल्या त्या 'सह'मध्ये आम्ही सगळे मावलो.

पण आज नकाशाबद्दल लिहायचं नाही. खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथं जे व्हायचं ते होईल. मला लिहायचंय ते कचेरीतल्या खिडकीबद्दल. आमच्या माणसांचं आयुष्य तिथं अडतं.

नव्या पोरांना माहीत नसतं म्हणून थोडं मागचं सांगते. निजामाच्या काळात आणि नंतर हैदराबाद राज्यात बिदर हा एकच मोठा जिल्हा होता. 1 नोव्हेंबर 1956 ला त्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात. घरं तीच, सोयरीक तीच, बाजार तोच. उदगीरला 2022 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा आमच्याकडच्या म्हाताऱ्या मंडळींना आपल्याच जिल्ह्यात भरल्यासारखं वाटत होतं. त्यांच्या लेखी ते जिल्ह्यातलंच गाव.

आमच्या माहेरी भालकी तालुक्यात एक लोखंडी ट्रंक आहे. त्यात पणजोबांचे कागद उर्दूत, आजोबांचे काही मोडीत काही मराठीत, वडिलांच्या पुढची पहाणी कानडीत. जमीन एकच, लिप्या चार. तीनचाकी गाडीलासुद्धा एवढी चाकं नसतात, असं वडील म्हणायचे. हसायची गोष्ट होती तोवर हसलो. कर्नाटकात 2000 च्या सुमारास 'भूमी'मध्ये जमिनीच्या नोंदी संगणकावर गेल्या. ते काम चांगलंच झालं, तलाठ्याच्या दप्तरामागं फिरणं कमी झालं. पण कागद घेऊन आल्यावर त्यात काय लिहिलंय हे घरातल्या कुणालाच वाचता येत नाही, ही गोष्ट तशीच राहिली. कानडी शाळेत गेलेली नातवंडं वाचून दाखवतात. ज्या घरातली नातवंडं पुण्याला किंवा हैदराबादला गेली, तिथं कोण वाचणार?

आता खरी अडचण सांगते. ती भाषेच्या अभिमानाची नाही, स्पेलिंगची आहे. आमच्याकडं ज्ञानोबा हे नाव घरोघर. मराठी माणूस इंग्रजीत लिहिताना ते 'डी' अक्षरापासून सुरू करतो. कानडीत 'ज्ञ' चं इंग्रजी 'जे' अक्षरापासून होतं. आमच्या एका काकांचं हेच नाव. उदगीरच्या शाळेची टी.सी. दाखवून काढलेलं पासबुक 'डी'चं, इथं काढलेलं आधार 'जे'चं. संगणकाच्या हिशेबी हे दोन वेगळे म्हातारे! संध्या सुरक्षेचे महिन्याचे 1200 रुपये अकरा महिने आले नाहीत. काका दर सोमवारी तालुक्याला जायचे आणि 'नाळे बन्नी', म्हणजे उद्या या, ऐकून परत यायचे. बेंगळुरूकडं म्हणे एके काळी भूत घरात येऊ नये म्हणून दारावर 'नाळे बा' लिहून ठेवायचे. काका म्हणाले, मग मी भूतच झालो की!

बायकांचं तर याहून अवघड. आपल्यात लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, आधारवर अजून तिसरंच. नवऱ्याचं नाव आपण मधे लिहितो, कानडी कागदावर ते 'गंड' म्हणून वेगळं येतं. भरणाऱ्यानं कुठं काय टाकलं ते त्यालाच ठाऊक. 2023 च्या ऑगस्टमध्ये गृहलक्ष्मी सुरू झाली. घरच्या कर्त्या बाईला महिन्याला 2000. कर्ती बाई कोण, तर रेशन कार्डावर जिचं नाव पहिलं. आमच्या वाड्यात एका घरी ते पहिलं नाव वारलेल्या आजेसासूचं होतं. सुनेनं कार्ड वीस वर्षं रोज हातात धरलं, पण वाचता कुठं येत होतं?

यात कुणी कानडी माणूस आपला वैरी आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. काकांचं काम शेवटी केलं ते एका कानडी पोरानंच. त्याची आजी औरादकडची, मराठी बोलणारी. त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले, काय घोटाळा आहे ते ओळखलं, ॲफिडेव्हिट कसं करायचं ते मराठीत सांगितलं. पंधरा मिनिटांचं काम. आमच्या जिल्ह्यात माणसं दोन-तीन भाषा सहज बोलतात. कानडी, मराठी, उर्दू, थोडी तेलगू. कागद मात्र एकच बोलतो. आणि खरं सांगायचं तर अक्कलकोट-जतकडच्या कानडी माणसाला महाराष्ट्राच्या कचेरीत हेच होतं. तिकडच्या आजीला मराठी फॉर्म तितकाच परका. तिचंही ऐकलं पाहिजे, नाहीतर आपण मागतोय ते न्यायाचं नाही, नुसतं आपल्यापुरतं.

मग मागायचं काय? आपली मंडळी नेमकी इथं गडबडतात. कुणी म्हणतं महाराष्ट्र बघेल. महाराष्ट्रानं 2023 साली 865 गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली, कर्नाटकानं हरकत घेतली, पेपरात मोठं आलं. लातूर-सोलापूरच्या दवाखान्यात कुणाला उपयोग होत असेल तर सोन्याहून पिवळं. पण काकांची पेन्शन काही तिथून येणार नाही. रेशन, पहाणी, दाखले, बस, वीज, सगळं कर्नाटकातून. 2020 मध्ये बसवकल्याणची पोटनिवडणूक तोंडावर असताना मराठा विकास प्राधिकरण आणि 50 कोटी जाहीर झाले, त्यावर 5 डिसेंबरला कर्नाटक बंदही झाला. त्या गोंधळात मराठा जात आणि मराठी भाषा यांची सरमिसळ झाली. मराठी बोलणारे सोनार, साळी, न्हावी, दलित, मुसलमान यांना त्यातून काय?

माझं म्हणणं साधं आहे. राज्यघटनेचं कलम 350 सांगतं की कुणालाही आपली तक्रार केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत सरकारपुढं मांडता येते. मराठीत लिहिलेला तक्रार अर्ज म्हणजे बंड नव्हे. शिवाय ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाचे नियम, नोटिसा त्यांच्या भाषेत द्याव्यात हे 1956 पासूनच्या संरक्षणाच्या योजनेत ठरलेलं आहे. हे मागायला न्यायालयाच्या निकालाची वाट बघायची गरज नाही. कर्नाटकात राहूनच, कर्नाटकाकडंच मागायचं. फॉर्म कानडीतच राहू द्या, पाठीमागं मराठीत काय भरायचं ते छापा. एवढंच.

आणि जे हक्क आहेतच ते तरी घ्या. 'सकाला' कायद्यात एप्रिल 2012 पासून अर्जाला पोचनंबर मिळतो. मुदत उलटली तर दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये भरपाई मागता येते. पैसे थोडे, पण पोचनंबर हातात असला की 'नाळे बन्नी' बंद होतं. 371 जे चा दाखला भाषेवर नाही, जन्मावर आणि राहण्यावर मिळतो. कल्याण कर्नाटकातल्या मराठी घरातल्या पोरालाही कॉलेजात, नोकरीत तो चालतो. आपल्यातली कितीतरी घरं तो 'त्यांचा' समजून काढतच नाहीत. याचा मला फार राग येतो.

गेल्या वर्षी माहेरच्या गावी सप्ताह होता. काकडा सकाळी, कीर्तन रात्री, दुपारी मंडप रिकामा. माझा भाचा कानडी माध्यमात शिकलेला. त्यानं मंडपाच्या कोपऱ्यात टेबल टाकलं आणि लाऊडस्पीकरवरून सांगितलं, आधार, पासबुक, रेशन कार्ड घेऊन या, नावं जुळतात का बघू. पहिल्या दिवशी चार माणसं. तिसऱ्या दिवशी पंगतीपेक्षा रांग मोठी. एक दोनशेपानी वही भरली. प्रत्येकाचं नाव, कुठल्या कागदावर काय चुकलंय, कुठं जायचं. कुणाकडून पैसा घेतला नाही. खर्च म्हणाल तर वही, चहा आणि झेरॉक्स.

शिवजयंतीला आपल्या तालुक्यांत डीजेवर काय उधळतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मिरवणूक करा, जरूर करा. त्यातला एका रात्रीचा डीजे कमी करून असं टेबल महिनाभर चालतं.

यंदा 17 सप्टेंबरला टेबल टाकायचं ठरवतोय. तो दिवस दोन्हीकडचा. मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन, इकडं कल्याण कर्नाटक उत्सव. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, ज्या गावात जमेल तिथं. कानडी नीट लिहिता-वाचता येणारी पोरं-पोरी हव्यात, मराठी मोडकीतोडकी असली तरी चालेल. आणि ज्यांच्या घरी उर्दू वाचणारे कुणी शिल्लक असतील त्यांनी तर नक्की कळवा. जुन्या पहाण्यांसाठी त्यांच्याशिवाय भागायचं नाही.