आधी मोजणी, मग हाफिज

तेहरानमध्ये संगक नावाच्या रोटीच्या दुकानात रांग पुढे सरकते आणि पलीकडून प्रश्न येतो, ‘चंद ता?’ किती हव्यात? गिऱ्हाईक ‘दो ता’ म्हणतं, तापल्या खड्यांवर भाजलेल्या दोन लांबलचक रोट्या घेतं आणि त्यांना चिकटलेले खडे झटकत बाजूला होतं. फारसी मोजणीचं निम्मं व्याकरण या सवालजबाबात आलं.

आकड्यानंतर नाम एकवचनीच राहतं. पाच पुस्तकं म्हणजे ‘पंज ता केताब’. शंभर झाली तरी केताबच. लिंगाची भानगड नाही. दोघे, दोघी, दोघं अशी कसरत करणाऱ्या मराठी माणसाला ही चैनच वाटावी, पण सवय सुटत नाही आणि तो हमखास अनेकवचनाचा ‘हा’ जोडून ‘पंज केताबहा’ म्हणतो. बोलीत आकड्यामागोमाग येणारा ‘ता’ एकाला मात्र चालत नाही. तिथे ‘ये दूने’. दिवस आणि किलो यांनाही तो नको: ‘दो रूज’, ‘दो किलो’.

बाजारातून कागदावर आलं की खरी गंमत सुरू होते, कारण मोजायचा शब्द वस्तूगणिक बदलतो. माणसं ‘नफर’, गुरं ‘रास’, मोटारी ‘दस्तगाह’, पुस्तकं ‘जेल्द’, गालिचे ‘तख्ते’, तलवारी ‘कब्जे’. उंट मात्र गुरांत नाही, माणसांत: ‘से नफर शोतोर’ म्हणजे तीन उंट. (त्याच्या चेहऱ्यावरचा तोरा पाहता त्याला हे मान्य असावं.) हत्ती मोजायचे ‘जंजीर’ने.

आपल्याकडे फारसी म्हटलं की हाफिज आणि खय्याम आठवतात. शिकणाऱ्याला थेट गजलेत ढकलणं हा उलटा क्रम आहे. महाराष्ट्राला फारसी लागते ती मुख्यतः इतिहासासाठी. इतिहासकार सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनं मराठीत आणली ती त्याचसाठी. तवारीखकार, वाकेनवीस, कारकून यांच्या फारसी कागदांत नजराणे, लूट, फौजेचा सरंजाम मोजलेला असतो. ‘दो जंजीर फील’ वाचून नवशिका साखळदंड शोधत बसेल. तिथे फक्त दोन हत्ती उभे आहेत. ‘रास’ तर मोडी कागदांतही घोड्याबैलांच्या मोजणीला भेटतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांनी फारसीचे छोटे वर्ग जरूर काढावेत. पण सुरुवात भाकरी, चहा, पुस्तकांच्या मोजणीने करावी, पाठोपाठ जुन्या याद्या वाचायला द्याव्यात आणि हाफिजला दुसऱ्या सत्रापर्यंत थांबवावं.