मोत्याला टॉनिक हवं का?

मैत्रिणींनो, आमच्या कोरेगावात कुत्र्याला घरोघरी दूध-भाकरी. पिल्लाचे पाय जरा वाकडे दिसले, की आपण घरातलीच कॅल्शियमची गोळी चुरून घालतो. मीही घातली होती! तसं मुळीच करू नका हं. नुसत्या भाकरी-मटणात कॅल्शियम कमी पडतं, हे खरं; पण जादा झालं तर मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं उलट बिघडतात, अन् ‘ड’ जीवनसत्त्व अंगात साठून मूत्रपिंडांना बाधतं. ‘क’ तर कुत्र्याचं यकृत स्वतःच तयार करतं, तेव्हा लिंबू-आवळा राहू द्या. भाकरीबरोबर उकडलेलं अंडं द्या. कांदा-लसणाचा रस्सा मात्र नको. पाय वाकलेच असतील, तर वाट न पाहता जनावरांच्या दवाखान्यात न्या. शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालयही आहे. आधी काही गोळ्या दिल्या असतील, तर पाकीट बरोबर न्या.