चुलीवर किती वर्षं?

बायपासच्या आदल्या संध्याकाळी मला बोलावणं येतं. हातात श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र, समोर धास्तावलेला पेशंट आणि शिकवायला वेळ जेमतेम वीस मिनिटं. बावीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून हेच करतेय आणि आता ते मला पटेनासं झालंय.

जतकडच्या एक मावशी होत्या, साठी उलटलेल्या. फाइलवर लिहिलेलं, धूम्रपान : नाही. मी सहज विचारलं, स्वयंपाक कशावर?

"चुलीवरच की. ग्यास आलाय, पर भाकरी तिथंच."

चाळीस वर्षं धूर गिळलेला. सकाळचा खोकला त्यांना दुखणं वाटतच नव्हता. बिडी न ओढताही, नुसत्या चुलीच्या धुरानं सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा आजार, होतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी कधीपासून सांगत आलेत. पण मावशींची फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, झालीच नव्हती. झाली असती तर निदान श्वासाच्या औषधाचा पंप तरी आधी सुरू झाला असता.

ऑपरेशन उत्तम झालं. पण हार्ट-लंग मशीन चालू असताना फुप्फुसं मिटलेली असतात आणि नंतर, विशेषतः डाव्या बाजूचा खालचा भाग, लवकर फुलत नाही. छातीचं हाड उभं कापलेलं, त्यामुळे खोकायची भीती. मी उशी छातीशी कवटाळून खोकायला लावते, तरी माणूस नुसता खाकरतो. आत कफ साठतो. श्वासनलिका आधीच आकसलेल्या असतील तर न्यूमोनियाला आयतं आवतण. मावशींना तिसऱ्या दिवशी ताप आला, पुन्हा व्हेंटिलेटर लागला, तो नऊ दिवस. मुलगा विचारत राहिला, "हृदय नीट झालं ना? मग हे काय?"

नेदरलँड्समधल्या उट्रेख्तचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. फुप्फुसांचा धोका जास्त असलेल्या बायपासच्या पेशंटना ऑपरेशनआधी किमान दोन आठवडे, रोज 20 मिनिटं, अडथळ्याच्या यंत्रातून श्वास ओढायला लावला. (आमचं गोळ्यांचं खेळणं नव्हे.) न्यूमोनियाचं प्रमाण त्यांच्यात 6.5 टक्के, इतरांत 16.1 टक्के.

सर्जन म्हणतात, थांबायला वेळ कुठे असतो? तातडीचं ऑपरेशन असेल तर खरंच नसतो, तिथे वाद नाही. पण मावशींची तारीख तीन आठवडे लांबली होती. योजनेची मंजुरी, रक्तदाते, पैशांची जुळवाजुळव. एवढे दिवस त्या घरी बसून होत्या, चुलीपुढेच. तेव्हा मला कुणी बोलावलं नाही.

तेव्हा बायपासची तारीख घेताना तिथेच विचारा, फुंकायची तपासणी कधी करायची आणि श्वासाचे व्यायाम आजपासून कोण शिकवणार? आणि आईनं चुलीवर किती वर्षं काढली, हे कुणी विचारलं नाही तरी सांगा.