सर्टिफिकेट नको, हजेरी लावा

पोस्ट लांब आहे, पण १ मेच्या ग्रामसभेआधी सगळ्यांनी वाचावी म्हणून आजच लिहितोय.

कोयता परत आलाय. दिवाळीपासून कुलूप असलेल्या घरांपुढं पुन्हा चुली पेटल्यात. घर राखणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडावर जरा तेज आलंय. त्वरिता देवीच्या मंदिराकडं संध्याकाळी पोरं दिसायला लागलीत. आता दसऱ्यापर्यंत ही माणसं तलवाड्यात असतील. आणि गावात त्यांना काम नाही. पावसापर्यंत शेतात काही नाही. नंतर खुरपणी, फवारणीचे चार दिवस, तेही पाऊस झाला तर. मग पुन्हा मुकादमाची उचल, पुन्हा ट्रॅक्टर.

मागच्या आठवड्यात टपरीवर एका पोराला विचारलं, "वैशाख पौर्णिमेला पाणवठ्यावर प्राणी मोजायला येतोस का? रात्रभर बसायचं. सर्टिफिकेट मिळतं." तो म्हणला, "भाऊ, सर्टिफिकेट काय चुलीत घालू? हजेरी लावणार असतील तर सांगा. एक रात्र काय, आठ दिवस बसतो."

सगळे हसले, मी पण हसलो. घरी आल्यावर मात्र हसू गेलं. मला महिन्याला पगार येतो, म्हणून रात्रभर जागायची हौस परवडते. त्याला दुसऱ्या दिवशीचं पीठ बघावं लागतं. आणि रात्री रानात काय हलतंय, लांडग्याचा माग कुठला आणि कुत्र्याचा कुठला, हे त्याला माझ्यापेक्षा दहापट जास्त कळतं. म्हणजे ज्याला काम येतं त्याला परवडत नाही, आणि ज्याला परवडतं तो फोटो काढून परत येतो.

आता जरा कॅलेंडर काढून बघा. वणव्याचा हंगाम वन खातं १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतं. जाळरेषा राखायच्या, धूर दिसला की पळायचं, हे सगळं या दिवसांत. पाणवठे भरायचे ते एप्रिल-मे महिन्यात. प्राणी मोजायचे वैशाख पौर्णिमेला. पाऊस पडला की मत्स्यबीजाचं काम सुरू होतं, ते जुलैपासून सप्टेंबरपर्यंत. म्हणजे कोयता ज्या महिन्यांत घरी रिकामा बसतो, जवळपास त्याच महिन्यांत या दोन खात्यांना हात लागतात. यासाठी वेगळं संशोधन कशाला पाहिजे? हात घरी बसलेत, काम पडून आहे. मधली गाठ कुणी मारत नाही, एवढंच.

कुणी म्हणेल, आपल्या दुष्काळी जिल्ह्यात कसले मासे आणि कसलं जंगल? उत्तरेला गोदावरी आहे. वर पैठणला जायकवाडी आहे, ते १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. त्याचा उजवा कालवा आपल्या गेवराई तालुक्यातून माजलगावच्या धरणाला जातो. गावोगाव पाझर तलाव आहेत. जंगल आपल्याकडं थोडंच, पण पाटोद्याकडं नायगावचं मयूर अभयारण्य आहे. आणि हरणं, रोही, रानडुकरं तर आपल्या रानात रोजचीच. पेरलेलं उगवलं की आधी तीच येतात.

माशांचं थोडं सांगतो, कारण हे फार जणांना माहीत नसतं. कटला, रोहू, मृगळ हे मासे तळ्याच्या थांबलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणून तलावात दरवर्षी बाहेरून बीज आणून सोडावं लागतं. माशाला इंजेक्शन देऊन अंडी घ्यायची युक्ती १० जुलै १९५७ ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरींना साधली. त्याच तारखेला देशात मत्स्य शेतकरी दिन असतो. आधी मत्स्यजिरे, मग बीज, मग बोटभर झालं की बोटुकली. बोटुकली सोडायलाही रीत आहे. ऑक्सिजन भरलेली पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी सारखं होऊ द्यायचं, मग तोंड सोडायचं. काम सकाळी नाहीतर संध्याकाळी करायचं.

काही वर्षांपूर्वी एका तलावावर मी हौसेनं मदतीला गेलो होतो. तलावाचं आणि ठेकेदाराचं नाव लिहीत नाही. गाडी आली भर दुपारी. आणलेल्या माणसांनी पिशव्या फोडल्या आणि थेट ओतल्या. बोटुकली मोजली कुणीच नाही. तासाभरात काठाला पांढरी रेघ दिसायला लागली. मेलेल्या पिल्लांची. एक भोई समाजाचे आजोबा काठावर उभे होते. ते एवढंच म्हणाले, "आमाला इचारलं असतं तर सांगितलं असतं." त्यांना कुणी विचारलं नव्हतं, कारण त्यांचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं. कागदावर तलाव भरला असणार. पुढच्या वर्षी जाळ्यात काय आलं? चिलापी.

कामाचं माणूस जवळ नसलं की काय होतं, हे आपल्या जिल्ह्यानं मोठ्या प्रमाणावरही बघितलंय. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली. ऐन कापूस वेचणीत बायका रानात जायला भ्यायल्या. शेवटी डिसेंबरात करमाळा तालुक्यात त्याला गोळी घालावी लागली. २०२१ च्या डिसेंबरात माजलगाव तालुक्यातल्या लवूळचं माकड-कुत्र्यांचं प्रकरण जगभर गाजलं. मेलेल्या कुत्र्यांचा आकडा बातमीगणिक फुगत अडीचशेपर्यंत गेला. शेवटी वन खात्याच्या नागपूरच्या पथकानं दोन माकडं पकडली. नागपूर कुठं, लवूळ कुठं! पकडायचं काम तज्ज्ञाचंच आहे, ते गावानं करू नये. पण गर्दी आवरणं, माग ओळखणं, खरं किती आणि अफवा किती हे पहिल्याच दिवशी सांगणं, याला गावातली चार शिकवलेली पोरं पुरतात.

असं कुठं झालंय का? झालंय. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे. तिथं कासवाची अंडी काढून विकायची पद्धत होती. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांनाच बरोबर घेऊन अंडी राखायला सुरुवात केली. पुढं वन खातं आलं आणि किनारा राखणाऱ्या कासवमित्रांना हंगामापुरतं मानधन मिळायला लागलं. आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात, गावच्या घरात राहतात, जेवतात. माणसं तीच, वाळू तीच. फक्त कासव मारण्यापेक्षा जगवण्यात चार पैसे दिसायला लागले.

आपल्याकडं वाळू म्हणलं की काय आठवतं, ते लिहायची गरज नाही. तरी लिहितो. आपली पोरं रात्री फाट्यावर मोटारसायकल लावून बसतात. साहेबाची गाडी निघाली की फोनवर 'लोकेशन' द्यायचं, त्याचे रोख पैसे. हाही हंगामी रोजगारच आहे. नदीचे डोह त्यात गेले, डोहाबरोबर मासे गेले. जिलेटिन टाकून मासे मारणारे आपल्यातलेच, रानडुकरासाठी तारेत करंट सोडणारेही आपल्यातलेच. त्या करंटनं माणूसही मरतो. या पोरांना नुसतं "निसर्ग वाचवा" म्हणून उपयोग नाही. नदी लुटायला रोख मिळतं आणि नदी राखायला टोपी आणि प्रमाणपत्र मिळतं. पोरगं कुठं जाईल, तुम्हीच सांगा.

स्वयंसेवेला माझा विरोध नाही. जानेवारीत पाणपक्षी मोजायला शिक्षक, विद्यार्थी, डॉक्टर यांनी फुकटच जावं, मी पण जातो. पण एक सोपी कसोटी लावा. ज्या कामात दिवस मोडतो, जीव धोक्यात येतो किंवा चुकलं तर नुकसान होतं, ती मजुरी आहे. तिला सेवा म्हणू नका. वणव्यापुढं उभं राहणाऱ्याला स्वयंसेवक म्हणायचं, भाजला तर विमा नाही आणि मेला तर श्रद्धांजलीची पोस्ट, हे बरोबर नाही.

"सरकारकडं पैसा कुठंय" असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, रोजगार हमीचा कायदा १९७७ ला याच महाराष्ट्रानं केला. दुष्काळात काम मागणाऱ्याला काम, ही कल्पना आपलीच आहे. आणि मेलेल्या बोटुकलीचा पैसा कुणाचा होता? आपलाच.

म्हणून ग्रामसभेत एक ठराव मांडणार आहे. एप्रिल ते सप्टेंबर काम करायला तयार असणाऱ्यांची यादी ग्रामपंचायतीनं करावी, बायकांची नावंही त्यात असावीत. वन आणि मत्स्य खात्याचं आपल्या शिवारातलं हंगामी काम आधी त्या यादीला मिळावं. मजुरी थेट खात्यावर जमा व्हावी, जोखमीच्या कामाला विमा असावा. आणि तलावात बोटुकली सोडताना गावासमोर मोजून सोडावी, आकडा फलकावर लिहावा.

ठरावानं सगळं होत नाही, हे मलाही कळतं. कदाचित खाली लाल शेरा येईल. पण ग्रामसभेला दरवेळी पंधरा-वीस टाळकी असतात, यावेळी कोयता घरी आहे. दीडशे माणसं बसली तर कागदाला वजन येईल. टपरीवरच्या त्या पोराला मी शब्द दिलाय की तुझं वाक्य ग्रामसभेत वाचून दाखवीन. तो येणार आहे. तुम्ही पण या.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली लिहा, शिव्या सोडून सगळं चालेल.