आधी अक्षर, मग यंत्र

मराठीच्या अध्यापकवर्गात एका जुन्या प्रश्नाने पुन्हा डोके वर काढले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. भाषा विभागांच्या वाट्याला आलेली यंत्रे बहुधा दुसऱ्या कुणी वापरून झालेली असतात (विज्ञानशाखेचा जुना संगणक मराठीच्या खोलीत येतो, मराठीचा जुना संगणक माळ्यावर जातो), त्यामुळे त्यांतली पुष्कळशी या कसोटीला उतरत नाहीत. तेव्हा नव्या यंत्रांसाठी अर्ज करावा, की आहे त्याच यंत्रांवर लिनक्स बसवावी, असा हा प्रश्न आहे.

यावर दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात आणि प्रस्तुत लेखकास दोन्ही सारखीच आळशी वाटतात. पहिले उत्तर असे, की लेखकाने लिहावे, यंत्राचे यंत्रवाल्यांनी पाहावे. साहित्याच्या माणसाला प्रणालीशी काय कर्तव्य? दुसरे उत्तर मुक्त प्रणालीच्या वारकऱ्यांचे. त्यांच्या मते लिनक्स बसवली की पारतंत्र्य संपले. पहिल्या पक्षाला आपला मजकूर कशात साठवला जातो हे ठाऊक नाही. दुसऱ्याला ठाऊक आहे, पण तो सांगत नाही.

मजकूर कशात साठवला जातो ते पाहू. १९९० च्या दशकापासून मराठीची अक्षरजुळणी संगणकावर होऊ लागली, तेव्हा आपल्याकडे जे रुजले त्याला काटेकोर अर्थाने देवनागरी लेखन म्हणताच येणार नाही. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच होती. फक्त त्यांच्यावर मराठी मुखवटे चढवलेले होते. कृतिदेव या टंकात ‘काम’ हा शब्द लिहिला की फाइलमध्ये डी, के आणि ई ही तीन रोमन अक्षरे जाऊन बसतात. टंक काढून घ्या, की मुखवटा गळतो. श्री-लिपी, शिवाजी आणि तत्सम प्रत्येक कुळाचे मुखवटे निराळे, म्हणजे एकाची फाइल दुसऱ्याला परकी. वास्तविक १९९१ साली इस्की हे भारतीय मानक अधिकृतपणे प्रसिद्ध झाले होते, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघून तिच्यात देवनागरीला स्वतंत्र जागा मिळाली होती. मानक नव्हते म्हणून हे घडले, असे म्हणायची सोय नाही. छपाईपुरता कागदावर नीट दिसणारा मजकूर आपल्याला पुरेसा वाटला, म्हणून घडले.

इथे जुन्या छापखान्यांची आठवण होते. निर्णयसागरचे खिळे आज आपल्यापाशी नाहीत. त्यावाचून निर्णयसागरच्या पोथ्या वाचायला कुणाचे अडत नाही. याउलट १९९८ साली पेजमेकरमध्ये जुळवलेला एखाद्या अनियतकालिकाचा अंक उघडायचा, तर तेच खिळे हवेत, तोच छापखाना हवा आणि छापखान्याची किल्लीही हवी. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ मध्ये आली. पुढे ते बंद पडले. टंकसंचांबरोबर येणारी कुलपे, ज्यांना डोंगल म्हणत, कुणाच्या खणात गंजत आहेत देव जाणे. छापील प्रत ज्यांच्याकडे उरली त्यांच्यापुरता तो अंक उरला. ज्ञानेश्वरांच्या मागे तीनशे वर्षांनी एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, शके १५०६ मध्ये. हे आपण एम.ए.च्या वर्गात भक्तिभावाने सांगतो. आणि आपल्याच हयातीतला मजकूर पंचवीस वर्षांत अवाच्य होतो, तेव्हा ते ‘तांत्रिक’ म्हणून सोडून देतो. पाठचिकित्सा म्हणजे केवळ मेलेल्यांच्या पोथ्यांची सेवा काय?

प्रबंधांचे तेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीपासून पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत देणे आवश्यक झाले आणि ‘शोधगंगा’त ते प्रबंध जमू लागले. परंतु जुन्या टंकांत जुळवलेल्या प्रबंधात एखादा शब्द शोधून पाहा. डोळ्यांना तो शब्द दिसतो, यंत्राला दिसत नाही. नव्या संशोधकाला आधीच्या संशोधकाचे काम सापडत नाही, आणि मग एकच विषय पुनःपुन्हा ‘प्रथमच’ हाताळला जातो.

म्हणून माझे म्हणणे असे, की ज्या स्थलांतराचा विचार व्हायला हवा ते विंडोजकडून लिनक्सकडे नसून मुखवट्यांकडून अक्षराकडे आहे. ते न करता प्रणाली बदलणाऱ्याची फसगत ठरलेली. जुने टंक लिनक्सवर कदाचित दिसतीलही, पण त्यांत लिहिण्यासाठी लागणारे कळफलकाचे संच विंडोजसाठीच घडवलेले. परिणामी चार दिवसांत ‘लिनक्सवर मराठी चालत नाही’ असा निष्कर्ष निघतो. म्युनिक शहराची कथा या संदर्भात हटकून सांगितली जाते. तिथल्या नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचे ठरवले, दहा वर्षांत सुमारे १५ हजार संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. त्याच्या कारणांविषयी आजही वाद आहे. राजकारणही त्यात होतेच. पण केवळ या दाखल्यावरून लिनक्स निकालात काढणारे केरळचे नाव घेत नाहीत. केरळातल्या शाळांनी २००० च्या दशकात मुक्त प्रणाली स्वीकारली आणि ती टिकली. तिथे लिपीविषयीची जाण आधीपासून जागी होती. १९७१ च्या लिपिसुधारणेने मल्याळमची जोडाक्षरे तोडली, त्याविरुद्ध १९९९ मध्ये ‘रचना’ ही चळवळ उभी राहिली. पारंपरिक लिपीचा टंक तिच्यातून आला. आपल्याकडे अशी भांडणे शुद्धलेखनाच्या नियमांपलीकडे गेलीच नाहीत.

आणि भांडण्याजोगे पुष्कळ आहे. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला फरक आपण विद्यार्थ्यांना हौसेने सांगतो: एक गुरू, दुसरा स्वयंपाकी. हा दुसरा ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो, एकदा टिंबाच्या ‘ऱ’ने, एकदा साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून. कागदावर दोन्ही एकच. शोधणाऱ्या यंत्राला मात्र हे दोन वेगळे शब्द वाटू शकतात. ‘ॲ’ या आपल्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळायला २००८ उजाडले. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात नमूद केली, तरी विंडोजबरोबर येणारा मंगल टंक वर्षानुवर्षे हिंदी वळणे दाखवत राहिला आणि आपण ती निमूटपणे वाचत राहिलो. युनिकोड म्हणजे मोक्ष असे मी म्हणत नाही, हे एवढ्यावरून लक्षात यावे.

लिनक्सची बाजू मला पटते ती नेमकी इथे. ती फुकट मिळते हा मुद्दा दुय्यम आहे. मंगलमधला ‘ल’ खटकला तर तो मुकाट सोसावा लागतो. लोहित, मुक्त, शोभिका यांसारख्या खुल्या परवान्याच्या टंकांत एखादे वळण खटकले तर ते बदलून, बदललेला टंक इतरांना देण्याचा हक्क आपल्याला असतो. हा हक्क मराठीच्या विभागाने कधी वापरला नाही, ही गोष्ट वेगळी. पण वापरायचा झाला तर कुठे वापरता येईल हे माहीत असावे. हे टंक विंडोजवरही चालतात, असा आक्षेप येईल. खरे आहे. म्हणूनच मजकूर एकदा युनिकोडमध्ये आला की प्रणालीचा निर्णय हलका होतो. आज लिनक्सवर लिहिलेले उद्या विंडोजवर उघडते आणि परवा आणखी कशावर. बदलण्याची भीती ज्याला वाटत नाही, त्यालाच बदलायचे की नाही हे शांतपणे ठरवता येते.

मुद्रकाचे काय, हा शेवटचा आक्षेप. ‘आमचा मुद्रक जुनाच टंक मागतो’ असे सांगून कित्येक संपादक सुटका करून घेतात. मुद्रकाने मागितले तर त्याला हवे ते त्याच्यापुरते रूपांतर त्याने करून घ्यावे. मूळ हस्तलिखित मुखवट्यात का असावे? पैसे आपण देतो, अट त्याची का?

विभागाने या वर्षी करायचे ते एवढेच. विंडोज ११ पेलू न शकणाऱ्या यंत्रांवर लिनक्स आणि लिबरऑफिस बसवावे व इन्स्क्रिप्ट कळफलक शिकवावा. तो दोन्ही प्रणालींत सारखाच आहे. परीक्षा विभागाचे काही काम विंडोजवाचून अडत असेल, तर एक यंत्र तसे ठेवावे, त्यात धर्म बुडत नाही. आणि विभागाच्या जुन्या अंकांच्या ज्या फाइली अजून उघडतात, त्यांचे रूपांतर लगेच हाती घ्यावे. रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या आहेत, पण जुन्या टंकांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराची जागाही बदलते, आणि ‘ऱ्या’चा घोळ वर सांगितलाच. त्यामुळे ओळ न् ओळ छापील प्रतीशी ताडून पाहणारा माणूस लागतो. पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय मिळत नाहीत अशी तक्रार दरवर्षी ऐकू येते.