न ऐकता दिलेले गुण

दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीसमोर छापलेला आकडा नेमका कशाचा असतो, हा प्रश्न साहित्य शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या मंडळींनी स्वतःला क्वचितच विचारला आहे. तो शिक्षणशास्त्राचा प्रांत, असे समजून आपण आपल्या कादंबरीकडे आणि कवितेकडे वळतो. पण प्रथम वर्षाच्या वर्गात इंग्रजी व्याख्यान सुरू झाल्यावर दहा मिनिटांत मागच्या बाकांवरच्या वह्या मिटू लागतात, तेव्हा त्या आकड्याची वसुली आपल्याच वर्गात होत असते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे: आपण श्रवणाचे गुण न ऐकवता देतो, वाचनाचे गुण स्मरणशक्तीला देतो, आणि ही उदारता ज्याच्या नावाने चालते त्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याचेच तिच्यामुळे सर्वाधिक नुकसान होते.

आधी व्यवस्था पाहू. राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचे मुख्यालय पुण्यात, शिवाजीनगरला आहे. राज्यभरातल्या नऊ विभागीय मंडळांमार्फत दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास मुले दहावीला बसतात. इंग्रजीचे १०० गुण ८० आणि २० असे विभागलेले आहेत. ८० गुणांची लेखी परीक्षा मंडळ घेते. २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन शाळेतलेच शिक्षक करतात, आणि श्रवण व भाषण ही कौशल्ये या विसात बसवलेली आहेत. बारावीलाही विभागणी हीच. कागदावर ही रचना निर्दोष आहे. श्रवण, भाषण, वाचन, लेखन या चारही कौशल्यांना तीत जागा आहे. प्रश्न आहे तो त्या जागेवर प्रत्यक्षात काय बसले आहे, याचा.

याचे उत्तर २०१९ साली सर्वांच्या डोळ्यांसमोर आले होते. २०१८-१९ या वर्षी दहावीचा नवा अभ्यासक्रम आला आणि भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे अंतर्गत गुण रद्द करण्यात आले. २०१८ च्या मार्चमधल्या परीक्षेचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ चा लागला ७७.१० टक्के. एका वर्षात बारा टक्क्यांहून अधिक घसरण. मोठा गदारोळ झाला. केंद्रीय मंडळाच्या मुलांना अंतर्गत गुण मिळतात आणि अकरावीच्या प्रवेशात आमची मुले मागे पडतात, ही पालकांची तक्रार रास्तच होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अंतर्गत गुण परत आणण्याचा निर्णय झाला, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता आणि २०२० ला साथीमुळे भूगोलाची परीक्षाच रद्द झाली होती, हे खरे. सगळा चढउतार वीस गुणांच्या खात्यावर टाकता येणार नाही. परंतु त्या संपूर्ण गदारोळात एक प्रश्न जवळजवळ कोणीच विचारला नाही, तो मात्र नोंदवून ठेवण्याजोगा आहे. हे वीस गुण काय मोजत होते? मुलांना ऐकून कळते, बोलता येते, हे त्या गुणांनी सिद्ध होत होते काय? वाद झाला तो गुण असावेत की नसावेत एवढाच. कौशल्याचे नावही निघाले नाही, कारण ते गुण कौशल्याचे नाहीत हे शासन, पालक आणि शिक्षक या तिघांनाही मनोमन ठाऊक होते. ते हक्काचे गुण होते.

हक्काच्या गुणांचे गणितही सोपे आहे. लेखी आणि अंतर्गत गुण एकत्र धरले जातात. अंतर्गत विसापैकी अठरा पदरात पडले, तर पस्तिसाचा उंबरठा ओलांडायला लेखी ऐंशीपैकी सतरा पुरतात. शाळेचा निकाल, वर्गाची संख्या, संस्थाचालकांची अपेक्षा, पुढच्या वर्षीची पटसंख्या हे सारे ज्या शिक्षकाच्या डोक्यावर आहे, त्याने आपल्याच विद्यार्थ्याला श्रवणात विसापैकी सात द्यावेत, ही अपेक्षा करणेच अव्यवहार्य आहे. दोष त्या शिक्षकाचा नाही. ज्याचा हितसंबंध गुंतला आहे त्याच्याच हाती तराजू देणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष आहे. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात प्रत्येकाची तोंडी परीक्षा प्रामाणिकपणे घ्यायची तर कित्येक तासिका लागतील, त्या वेळापत्रकात कुठेही नाहीत. मग एक उतारा शिक्षक वर्गात मोठ्याने वाचतात, किंवा तेवढेही होत नाही, आणि तक्ता भरला जातो.

आता श्रवण म्हणजे काय, याचा विचार करू. वाचता येणाऱ्याला ऐकून आपोआप कळते, हा आपल्याकडचा जुना समज आहे. तो संस्कृतच्या पाठशाळेतून इंग्रजीच्या वर्गात आला असावा. लिखित इंग्रजीत दोन शब्दांमध्ये कोरी जागा असते. बोललेल्या इंग्रजीत ती नसते. शब्द एकमेकांत मिसळतात, स्वर आखडतात, दुय्यम शब्द अर्धे गिळले जातात. कानाला शब्दांच्या सीमा स्वतः शोधाव्या लागतात, आणि तेवढ्यात पुढचे वाक्य सुरू झालेले असते. मागे जाऊन पुन्हा पाहण्याची सोय नसते. त्यात मराठीतल्या ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आपल्या उच्चारात पुसट झालेला, आणि इंग्रजीत नेमक्या त्याच भेदावर 'लिव्ह' आणि 'लीव्ह' हे दोन निराळे शब्द उभे. इंग्रजीतल्या दोन वेगळ्या ध्वनींसाठी आपल्याकडे एकच 'व'. ज्याने इंग्रजी डोळ्यांनी आणि भाषांतराच्या वाटेने शिकली, त्याचा कान या सगळ्यासाठी तयार झालेलाच नसतो. मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली २००० साली. म्हणजे आजचा विद्यार्थी दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी शिकतो, आणि त्या दहा वर्षांत त्याच्या कानावर सलग दहा मिनिटे इंग्रजी पडली आहे काय, हे कोणतीही परीक्षा त्याला विचारत नाही.

वाचनाची कथा वेगळी नाही. कृतिपत्रिका आली तेव्हा पाठांतराला आळा बसेल असे सांगण्यात आले, आणि हेतू निःसंशय चांगला होता. पण अजूनही पाठ्यपुस्तकातले उतारे आणि कविता यांचे वजन अपठित उताऱ्याहून जास्त आहे. जो उतारा वर्षभर वर्गात उलगडून सांगितला गेला, ज्याच्या प्रत्येक परिच्छेदाखालच्या संभाव्य कृती अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत 'गाईड' आणि 'अपेक्षित' यांच्या थप्प्यांत मिळतात, त्यावरचे प्रश्न वाचनाची परीक्षा घेत नाहीत. ते वाचलेले आठवते का, एवढेच तपासतात.

मराठीत 'वाचता येणे' या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ आहेत: अक्षरे उच्चारता येणे आणि अर्थ लागणे. आपली परीक्षा या दोहोंतली दरी झाकते. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत २०२३ साली चौदा ते अठरा वयाच्या ग्रामीण मुलामुलींची चाचणी झाली. देशभरातल्या निवडक जिल्ह्यांतल्या या पाहणीत इंग्रजी वाक्ये वाचू शकणारे ५७.३ टक्के निघाले, आणि त्या वाचणाऱ्यांपैकी अर्थ सांगू शकणारे सुमारे तीन चतुर्थांश. म्हणजे मोठ्याने नीट वाचणाऱ्या दर चार मुलांतल्या एकाला आपण काय वाचले ते सांगता आले नाही. वाक्ये साधी होती. एका स्वयंसेवी संस्थेचे कार्यकर्ते दारात उभे राहून जो फरक मोजू शकतात, तो दहा वर्षांच्या शालेय शिक्षणानंतरची सार्वजनिक परीक्षा मोजत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते, की लाखो मुलांची श्रवणपरीक्षा घेणे व्यवहारात अशक्य आहे. हे उत्तर ऐकले की शेजारी पाहावे. चीनच्या विद्यापीठ-प्रवेश परीक्षेला, म्हणजे 'गाओकाओ'ला, २०२४ साली १ कोटी ३४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. तिथे इंग्रजीच्या १५० गुणांपैकी श्रवणाला ३० गुण आहेत; ध्वनिमुद्रण सर्वांना ऐकवले जाते आणि वाचनाचे उतारे विद्यार्थ्याने आधी पाहिलेले नसतात. प्रांतागणिक तपशील बदलतो, पण तत्त्व तेच. जपानने २००६ साली आपल्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेत इंग्रजी श्रवण आणले तेव्हा प्रत्येक परीक्षार्थीच्या हाती स्वतंत्र ध्वनियंत्र दिले. २०२१ पासून तिथे वाचनाला १०० आणि श्रवणाला १०० असे समान गुण आहेत. दक्षिण कोरियात तर इंग्रजी श्रवणाच्या पस्तीस मिनिटांत देशभरातल्या विमानांचे उड्डाण आणि उतरणे थांबवतात. आपल्याकडे परीक्षा केंद्राबाहेरून जाणारी लग्नाची वरात कोणी थांबवील की नाही याची शंका आहे, हे मान्य. पण मग अडचण संख्येची नाही, पैशाचीही नाही. विद्यार्थ्याने ऐकणे हे शासनाला आणि समाजाला किती महत्त्वाचे वाटते, याची आहे.

चिनी पद्धत आदर्श आहे, असे मुळीच म्हणायचे नाही. परीक्षेपुरती शिकलेली, पर्यायांच्या गोळ्या रंगवणारी आणि बोलायची वेळ आली की गप्प होणारी जी इंग्रजी, तिला चिनी लोक स्वतःच 'मुकी इंग्रजी' म्हणतात. पण त्यांनी निदान रोगाला नाव दिले. आपण त्याला विसापैकी अठरा दिले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अशी परीक्षा घेतली तर ग्रामीण आणि मराठी माध्यमाच्या मुलांवर अन्याय होईल, ती मोठ्या संख्येने मागे पडतील. या आक्षेपामागची कळकळ खरी आहे, म्हणूनच त्याचे उत्तर द्यायला हवे. अन्याय परीक्षा निर्माण करीत नाही. तो आधीच झालेला असतो, परीक्षा तो दाखवते. आज हा अन्याय दहावीला दिसत नाही, म्हणून त्यावर पैसा, वेळ, शिक्षक काहीच खर्च होत नाही. तो दिसतो दोन-तीन वर्षांनी, अभियांत्रिकीच्या पहिल्या सत्रात, मुलाखतीच्या खोलीत, आणि तेव्हा तो एकट्या मुलाचा दोष ठरतो. ज्याच्या घरी इंग्रजी ऐकू येते त्याला खोट्या गुणांनी काही फरक पडत नाही. ज्याच्या घरी ती येत नाही, त्याला शाळा हाच एक कान होता, आणि शाळेने तो उघडला की नाही हे तपासायलाच आपण नकार दिला.

आणि इथेच मराठीचा प्रश्न येतो. पुण्यातल्या जुन्या मराठी शाळांचे वर्ग ओस पडत आहेत, यावर आपण परिसंवाद भरवतो आणि पालकांच्या इंग्रजीधार्जिण्या मनोवृत्तीला दोष देतो. पण पालक इतके अविचारी नाहीत. मराठी माध्यमाच्या मुलाच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीत ८० गुण असूनही त्याला इंग्रजी बोलणे कळत नाही, हे त्यांनी शेजारच्या घरात पाहिलेले असते. गुणपत्रिका विश्वासार्ह नसली की पालक दुसरी खूण शोधतात, आणि ती खूण म्हणजे शाळेच्या फलकावरचे माध्यम. मराठीतून उत्तम शिकून इंग्रजीही नीट ऐकता-वाचता येते, हे सिद्ध करणारी परीक्षा मराठी शाळांच्या हाती असती, तर त्यांच्याकडे पालकांना दाखवायला काहीतरी असते. मराठीच्या कैवाऱ्यांनी इंग्रजीच्या प्रामाणिक परीक्षेची मागणी सर्वांत आधी करायला हवी होती. त्यांनी ती केली नाही.

काय करता येईल? अंतर्गत विसापैकी दहा गुण श्रवणासाठी वेगळे काढावेत आणि त्यांची परीक्षा मंडळाने घ्यावी: एकच ध्वनिमुद्रण, राज्यभर एकाच वेळी, प्रार्थनेसाठी वापरल्या जाणाऱ्या ध्वनिक्षेपकावर, विजेची पर्यायी सोय ठेवून. आवाज भारतीय असावेत. लंडनच्या उच्चारांची येथे गरज नाही. महाविद्यालयातले व्याख्यान, रेल्वे स्थानकावरची सूचना, दवाखान्यातले संभाषण एवढे कळले तरी पुष्कळ झाले. पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांचे वजन कमी करून अपठित उताऱ्यांचे वाढवावे. पहिली दोन वर्षे श्रवणाचे गुण उत्तीर्णतेत धरू नयेत, पण गुणपत्रिकेवर श्रवण आणि वाचन स्वतंत्र छापावे. एवढे केले तरी वर्गात इंग्रजी ऐकवणे भाग पडेल, कारण आपल्याकडे जे परीक्षेला येते तेच शिकवले जाते, हे कटू सत्य निदान एकदा उपयोगी पडेल.

पहिल्या वर्षी आकडे वाईट येतील. २०१९ ला आले होते तसेच, कदाचित त्याहून वाईट. त्या वेळी आपण गुण परत मागितले. पुढच्या वेळी शिक्षक मागावेत, ध्वनिमुद्रणे मागावीत, तासिका मागाव्यात.