उतारावरचे ओझे

शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला अकोल्याकडून येणाऱ्या यात्रेकरूंना पातूरचा घाट परिचित आहे. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे 280 मीटर उंचीवर, तर वाशीम साधारण 550 मीटरवर. पूर्णेच्या खोऱ्यातून अजिंठ्याच्या रांगेवरील पठारावर चढणारी ही वाट पातूर, मेडशी, मालेगाव करीत पुढे हिंगोली-नांदेडकडे जाते. हिमालयाचे घाट पाहिलेल्यांना हा चढ किरकोळ वाटेल. परंतु मे महिन्याच्या दुपारी, पारा 42-43 अंशांवर असताना, अठरा चाकांचा भरलेला ट्रेलर याच वाटेने अकोल्याकडे उतरतो, तेव्हा ‘किरकोळ’ हा शब्द त्याच्या चालकाला सुचत नाही. त्याच वळणावर यात्रेकरूंची बस समोरून चढत असते.

सर्वसाधारण समज असा की अवजड गाडीची परीक्षा चढावर होते. चढावर इंजिन तापते, वेग मरतो आणि फार झाले तर गाडी थांबते. अमेरिकेच्या नैऋत्येकडील वाळवंटी डोंगरांत तर इंजिन तापू नये म्हणून वातानुकूलन बंद ठेवण्याच्या सूचनेच्या पाट्या रस्त्याच्या कडेला लावलेल्या आहेत. खरा धोका उतरणीचा आहे, कारण तेथे गाडीला थांबता येत नाही. एकूण 40 टन वजनाचा ट्रेलर 100 मीटर खाली येतो, तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते तिच्यातून शंभर लिटरहून अधिक पाणी उकळीपर्यंत तापवता येईल. चालकाने केवळ ब्रेकवर भिस्त ठेवली, तर यातील बहुतेक उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये साठते. तापलेला ड्रम फुगून लायनरपासून दूर सरकतो, लायनरची पकड सुटते. पुनःपुन्हा दाबल्याने ब्रेकच्या टाकीतील हवाही उतरते. मग पाय पॅडलवर असतो आणि गाडी मात्र पायाचे ऐकत नाही.

ट्रेलरचे आणखी एक वैशिष्ट्य असे की ती एक गाडी नसून दोन गाड्यांची जोडी आहे. पुढचा भाग थांबू पाहतो, मागचा त्याला ढकलतो. वळणावर, ओल्या रस्त्यावर ही जोडी चाकूच्या पात्याप्रमाणे मिटते. मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने न जाता वळणाच्या आतल्या बाजूने कापत जातात, म्हणून दुचाकीस्वाराने ट्रेलरच्या आतल्या बाजूला शिरणे म्हणजे साहसच. यावर जुन्या चालकांचा उपाय साधा आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढला, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा आणि भार इंजिनावर घ्यायचा. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा तर शुद्ध भ्रम. गिअरमध्ये उतरताना आधुनिक इंजिनाचा इंधनपुरवठा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते.

रेल्वेने हे शहाणपण फार पूर्वी नियमात बसविले. थळ घाटातील लोहमार्ग 1865 साली सुरू झाला. त्याचा चढ 37 मीटरला 1 मीटर. चढताना मागून ढकलणारी जादा इंजिने लावली जातात. बोर घाटात उतरणारी गाडी ठरावीक ठिकाणी थांबवून, तिचे ब्रेक लागतात याची खात्री करूनच पुढे सोडतात. रस्त्यावरील ट्रेलरला असे कोणी थांबवीत नाही. त्याला थांबविण्याचा अधिकार असतो चालकाला, आणि चालकाची घाई ठरविणारा बहुधा माल पाठविणारा व्यापारी असतो.

येथे हा विषय आपल्या पेढीपर्यंत येऊन पोहोचतो. कारंजा, मंगरूळपीर, रिसोड येथील कापूस, सोयाबीन, तूर यांचा व्यापार आपल्यातील कितीतरी घरे पिढ्यान्‌पिढ्या करीत आहेत. एके काळी हा माल बंजाऱ्यांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवरून घाट उतरत असे. त्या समाजाचे श्रद्धास्थान पोहरादेवी याच जिल्ह्यात मानोरा तालुक्यात आहे. पुढे कारंज्यावरून मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी रेल्वे धावू लागली. आता ती बंद आहे आणि सारा भार रस्त्यावर आला आहे. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव तालुक्यांतून जातो. 5 जून 2025 रोजी त्याचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि इगतपुरीजवळील सुमारे 8 किलोमीटरच्या बोगद्यामुळे मुंबईकडे जाणाऱ्या ट्रेलरचा कसारा घाट चुकला. पातूरचा घाट मात्र अकोल्याला जाणाऱ्यास चुकत नाही. रस्ता रुंद केला की वळण सोपे होते, उंचीतील फरक तेवढाच राहतो.

भाडे टनावर ठरते, म्हणून एका खेपेत चार-पाच टन अधिक घालण्याचा मोह होतो. समजा, टनाला 1,500 रुपये भाडे आहे आणि 5 टन जादा भरून वेगळ्या वाहनाचे 7,500 रुपये वाचले. मोटार वाहन कायद्यानुसार जादा भाराचा दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000, म्हणजे एकूण 30,000. शिवाय जादा माल तेथेच उतरवून घ्यावा लागतो. कायद्याचे बोट केवळ चालविणाऱ्याकडे नाही, चालवायला लावणाऱ्याकडेही आहे. अपघात झालाच, तर विमा कंपनीचा पहिला प्रश्न वजनकाट्याच्या पावतीचा असतो. वहीत हा व्यवहार कोणत्याही बाजूने मांडला तरी जुळत नाही.

आणि हे सगळे सांगायला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. अहिंसा-अणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांतील एक ‘अतिभारारोपण’ आहे, तर दुसरा ‘अन्नपाननिरोध’. पहिल्याचा अर्थ आपण बैलाच्या पाठीशी जोडून ठेवला आणि बैल गेल्यावर तो अतिचारही संपला, असे समजून चाललो. ट्रेलरला वेदना होत नाहीत, हे खरे. परंतु जादा टनांचा भार लोखंडावरून उतरून अखेर स्टिअरिंगवरील माणसाच्या अंगावर येतो. ‘सकाळी सातला माल पोहोचलाच पाहिजे’ असा फोन रात्री दोनदा येतो, तेव्हा त्या माणसाचे जेवण आणि झोप हीच प्रथम कापली जाते. जुन्या आचार्यांनी पंधरा कर्मादानांत शकटकर्म आणि भाटककर्म, म्हणजे गाड्यांचा आणि भाड्याने वाहतुकीचा धंदा, उगाच घातलेला नसावा. आज वाहतूक टाळून व्यापार होणार नाही. निदान काट्याची पावती पाहूनच गाडी फाटकाबाहेर सोडणे प्रत्येक पेढीला शक्य आहे. पावतीसोबत चालकाच्या हाती डबा दिला तर तेही फार महाग पडत नाही.

राहिला प्रश्न वेळेचा. दहा किलोमीटरचा घाट ताशी 40 किलोमीटरने उतरल्यास 15 मिनिटे लागतात, 20 ने उतरल्यास 30. फरक पाव तासाचा. अकोल्याच्या गोदामात हमालांची जेवणाची सुट्टी याहून मोठी असते.